जिन्को : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागरात पोफळी, माड, मिरवेल आणि जायफळ आहे. जिन्को नाही. तरीही शिकवण्याच्या दिवसांपासून आजवर मला झाडांबद्दल जितके प्रश्न आले, त्यांत जिन्कोचे सर्वांत जास्त. कुणाच्या घरी फार्मसीतून आणलेली गोळ्यांची पट्टी असते, कुणाचा मुलगा जपानात नोकरीला असतो आणि तो पिवळ्याधमक रस्त्याचे फोटो पाठवतो, कुणाला वाचनालयातल्या मासिकात 'डायनोसॉरच्या काळातलं झाड' सापडतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

जिन्को म्हणजे नेमकं काय?

चीनमध्ये मूळ असलेला एक मोठा पानगळी वृक्ष. सहज शंभर फूट वाढतो. शास्त्रीय नाव जिन्को बायलोबा. हा सपुष्प वनस्पतींत बसत नाही आणि पाइन-देवदारच्या गटातही बसत नाही. बिया उघड्या असतात, म्हणून तो अनावृतबीजी. पण त्या गटातही त्याची शाखा अगदी वेगळी. त्या शाखेत एकेकाळी कितीतरी प्रजाती होत्या, आज एवढी एकच उरली आहे. एखाद्या मोठ्या घराण्यातली सगळी माणसं गेली आणि एकच म्हातारा वाड्यात राहिला, तशी त्याची स्थिती आहे.

झिंकच्या गोळ्यांशी याचा काही संबंध नाही. हे लिहिण्याचं कारण, मला हा प्रश्न निदान चारदा तरी आलेला आहे.

नाव कुठून आलं? उच्चार कसा करायचा?

जिन्को किंवा गिंको, दोन्ही चालतात. चिनी भाषेतल्या ज्या अक्षरांचा अर्थ 'रुपेरी जर्दाळू' होतो, त्यांचा एक जपानी उच्चार 'गिन्क्यो' असा होता. एंगेलबर्ट केम्फर नावाचा जर्मन डॉक्टर डच कंपनीच्या नोकरीत १६९० ते १६९२ नागासाकीला होता. त्याने हे झाड पाहिलं आणि १७१२ साली त्याचं वर्णन छापलं. छापताना नावाची अक्षरं थोडी विचित्र पडली. पुढे १७७१ साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तेच स्पेलिंग उचललं आणि ते कायम झालं. 'बायलोबा' म्हणजे दोन पाळ्यांचं, कारण पानाला मधोमध खाच असते.

चीनमध्ये त्याला आणखी एक नाव आहे, त्याचा अर्थ 'आजोबा-नातवाचं झाड'. आजोबाने लावावं आणि बिया नातवाने खाव्यात. बीपासून वाढवलेल्या झाडाला फलायला वीस-पंचवीस वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. आपल्याकडे फणस लावताना म्हातारी माणसं असंच बोलतात, त्यामुळे हे नाव मला फार जवळचं वाटतं.

डायनोसॉरच्या आधीपासून आहे, हे खरं का?

घराणं म्हणून विचाराल तर खरं. जिन्कोच्या गोत्रातली पानं सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. तेव्हा डायनोसॉर नव्हते. आजच्या झाडाच्या थेट जवळची, म्हणजे जिन्को याच प्रजातीवर्गातली झाडं सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीपासून दिसतात. चीनच्या हेनान प्रांतात त्यांची पानं आणि बीजांडं दोन्ही सापडली आहेत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले, ही झाडं राहिली.

पुढे मात्र त्यांचा प्रदेश आक्रसत गेला. उत्तर अमेरिकेतून ती सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी नाहीशी झाली, युरोपातून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात व्हँटेज नावाच्या ठिकाणी जिन्कोचं दगड झालेलं लाकूड लाव्हाच्या काळ्या कातळात मिळतं. ती जागा आता राखीव उद्यान आहे. शेवटी हिमयुगांच्या थंडीत फक्त चीनच्या काही डोंगरदऱ्यांत त्याला आसरा मिळाला.

'जिवंत जीवाश्म' म्हणजे ते कधी बदललंच नाही?

असं नाही. पानाचा घाट फारसा बदलला नाही, पण पूर्वीच्या काही जिन्कोंची पानं खूप जास्त फाटलेली होती आणि बीजांडांची रचनाही वेगळी होती. झाड आतून बदलत असतंच. २०१६ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तो माणसाच्या तिपटीहून मोठा निघाला. कीड आणि रोग यांच्याविरुद्धची त्याची रसायनं कितीतरी प्रकारची आहेत. रस्त्याकडेच्या जिन्कोला सहसा कीड लागत नाही, त्याचं कारण हेच.

गोव्यात याचे जीवाश्म सापडू शकतील का?

नाही. आपल्याकडचे बहुतेक कातळ झाडं निर्माण होण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. अनमोड घाटातला नाइस खडक तर तीनशे कोटी वर्षांहून जुना आहे. त्यात पान कुठून मिळणार? आणि वरचा जांभा तयार होताना जुनं सगळं झिजून जातं. भारतात मात्र जिन्कोच्या गोत्रातल्या पानांचे ठसे सापडले आहेत. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांतले ठसे त्यांपैकीच. म्हणजे हे घराणं आपल्या भूमीवर एकेकाळी नांदत होतं. चीनहून नवं काही आणायचं आहे अशातला भाग नाही.

देवळांतल्या भिक्षूंनी जिन्को वाचवला, ही गोष्ट खरी की दंतकथा?

या प्रश्नाचं उत्तर मी सर्वांत सावकाश देते, कारण दोन्ही टोकांची उत्तरं चुकीची आहेत.

बरीच वर्षं असं मानलं जात होतं की जंगलातला जिन्को केव्हाच संपला, आणि जो उरला तो केवळ बौद्ध मठांच्या आवारात लावल्यामुळे. आता जनुकांच्या अभ्यासातून कळलंय की नैऋत्य चीनमधल्या दालौ पर्वतात आणि पूर्वेकडच्या तिएनमू डोंगरात त्याचे आसरे होते, आणि तिथल्या झाडांतलं वैविध्य हे माणसाने लावलेल्या रोपांचं नसून जुन्या रानटी वस्तीचं आहे. तेव्हा भिक्षूंनी शून्यातून वाचवला, हे खरं नव्हे.

पण मग त्यांचा वाटा काहीच नाही का? फार मोठा आहे. रानात जो दोन-तीन कोपऱ्यांत अडकून पडला होता, तो माणसांमुळे चीनभर, मग जपान-कोरियात, तिथून जगभर पोचला. अकराव्या शतकात सोंग राजांच्या राजधानीत त्याच्या बिया नजराणा म्हणून जात, इतक्या त्या दुर्मिळ होत्या. मठाच्या अंगणात लागलेलं झाड मात्र कुणी तोडलं नाही. राजवटी बदलल्या, आगी लागल्या, लाकूडफाट्याची टंचाई आली, तरी नाही. आज रानातला जिन्को धोक्यात आलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत आहे आणि लावलेला जिन्को शहराशहरांत आहे. हा फरक अंगणातल्या त्या झाडांनी घडवला.

गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राई पाहिली आहे का? पाण्याने भरलेल्या त्या जागेत रानजायफळाच्या कुळातली झाडं उभी आहेत, चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर आलेली त्यांची मुळं श्वास घेतात. अशी गोड्या पाण्यातली रानजायफळाची दलदल पश्चिम घाटात आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. बांबरला ती राहिली, कारण राई देवाची. तिथली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. शास्त्रज्ञ तिथे खूप नंतर आले.

हिरोशिमाच्या बॉम्बमधून जिन्को वाचला होता म्हणतात?

हो. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला, त्या जागेपासून एक ते दोन किलोमीटरच्या आत असलेले काही जिन्को जळून काळे पडले आणि पुढच्या वसंतात त्यांना पुन्हा कोंब फुटले. होसेन्बो या बौद्ध मंदिरातलं झाड ११३० मीटरवर होतं. मंदिर कोसळलं, झाड उभं राहिलं. मंदिर नव्याने बांधताना झाड तोडायचं नाही असं ठरलं, म्हणून पुढच्या पायऱ्या झाडाला मध्ये ठेवून दोन्ही अंगांनी बांधल्या. या झाडांना जपानी लोक 'बॉम्ब सोसलेली झाडं' म्हणतात आणि प्रत्येकावर पाटी लावतात.

वाचण्याचं कारण चमत्कारात शोधायला नको. जिन्कोच्या बुंध्याच्या तळाशी सुप्त डोळे असतात. वरचा भाग गेला तरी खालून नवे धुमारे येतात. कामाकुरा इथल्या त्सुरुगाओका हाचिमानगू देवस्थानातला प्रचंड जिन्को १० मार्च २०१० च्या वादळात मुळासकट आडवा झाला, आणि त्याच वर्षी उरलेल्या मुळांतून कोवळी पालवी आली. म्हाताऱ्या झाडांच्या फांद्यांवरून खाली लोंबणारे गाठींसारखे वाढावेही येतात, थेट वडाच्या पारंब्यांची आठवण यावी असे. जमिनीला टेकले की त्यांनाही मुळं फुटतात.

हजार वर्षं कसं जगतं?

चीनमधल्या संशोधकांनी १५ ते ६६७ वर्षं वयाच्या जिन्कोंची तुलना करून २०२० साली निष्कर्ष मांडले. म्हाताऱ्या झाडाची वार्षिक वलयं पातळ होतात, पण साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर थकत नाही. रोगाशी लढणारी जनुकं तरुण झाडाइतकीच जागी असतात. म्हणजे झाड वयाने मरत नाही, ते वीज, वादळ, आग, नाहीतर कुऱ्हाडीने मरतं. तीन हजार वर्षांच्या झाडांचे दावे चीनमध्ये ऐकू येतात. मी ते आकडे वर्गात कधी सांगितले नाहीत, कारण बुंधे आतून पोकळ असतात आणि वलयं मोजता येत नाहीत.

नर झाड, मादी झाड वेगळं असतं का? आणि त्या घाण वासाचं काय?

वेगळं असतं, पपईसारखं. मादी झाडावर जर्दाळूएवढ्या पिवळसर बिया लागतात. वरचा गर पिकून खाली पडला की खवट लोण्याचा, किंवा स्पष्टच सांगायचं तर ओकारीचा वास येतो. त्या गरातलं ब्युटिरिक आम्ल याला कारण. म्हणून शहरात रस्त्याकडेला शक्यतो नराची कलमं लावतात. टोकियोमध्ये मात्र मादी झाडंही आहेत, आणि शरद ऋतूत सकाळी पिशवी-हातमोजे घेऊन बिया गोळा करणारी माणसं दिसतात.

जिन्कोचा शुक्राणू पोहतो, हे पुस्तकात वाचलं. झाडाचा शुक्राणू पोहतो कसा?

अकरावीच्या वर्गात हे सांगताना मुलं मान वर करून बघायची, म्हणून हा माझा सर्वांत आवडता प्रश्न.

नेचे आणि शेवाळ यांचे शुक्राणू पाण्यातून पोहत जातात, म्हणून त्यांना ओल लागते. आंबा-फणसासारख्या झाडांत पराग रुजतो, त्यातून नळी निघते आणि ती सगळं थेट बीजांडापर्यंत नेऊन पोचवते. पोहण्याची गरज संपली. जिन्को या दोहोंच्या मध्ये उभा आहे. वसंतात वारा पराग आणतो. बीजांडाच्या टोकाशी चिकट द्रवाचा एक थेंब असतो, तो परागकण पकडतो आणि आत ओढून घेतो. तिथे परागातून नळी निघते, पण ती बीजांडाच्या ऊतीत पसरून फक्त अन्न शोषते. असे चार-पाच महिने जातात. मग नळी फुटते, दोन शुक्राणू बाहेर येतात, आणि बीजांडाने स्वतःच तयार केलेल्या इवल्याशा पाण्यात पोहत अंड्यापर्यंत जातात. प्रत्येकाच्या अंगावर सर्पिल ओळीत सुमारे हजार सूक्ष्म केस. बाहेरच्या तळ्याची ओल झाडाने आपल्या पोटात साठवून ठेवली आहे, असं समजा.

टोकियोच्या कोइशिकावा वनस्पती उद्यानातल्या झाडावर साकुगोरो हिरासे याने हे १८९६ साली प्रथम पाहिलं. तो मोठा प्राध्यापक नव्हता, विद्यापीठात चित्रं काढण्याच्या कामाला लागलेला माणूस. काप घेता घेता संशोधक झाला. त्याने निरीक्षण केलेलं झाड आजही त्या उद्यानात उभं आहे.

बिया खातात का?

खातात. गराच्या आत पिस्त्यासारखं पांढरं कवच, त्यात हिरवट-पिवळा मगज. जपानात तो मीठ लावून भाजतात किंवा अंड्याच्या वाफवलेल्या पदार्थात घालतात, चीनमध्ये खिरीत आणि भातात. पण कच्चा खायचा नाही, आणि शिजवलेलाही थोडाच. त्यात जीवनसत्त्व ब-६ चं काम अडवणारं एक द्रव्य असतं. मुलांनी जास्त बिया खाल्ल्या तर झटके येतात. लहान मुलांना देऊच नये.

वरच्या गराला उघडा हात लावला तर त्वचेवर फोड उठतात. गोव्यात हे एका वाक्यात कळेल: काजूच्या बीच्या चिकात जी आम्लं असतात, त्यांच्याच कुळातली आम्लं जिन्कोच्या गरात आहेत. भट्टीवर काजू भाजणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी कशी सोलवटते ते ज्याने पाहिलंय, त्याला जपानी माणसं हातमोजे का घालतात हे वेगळं सांगायला नको.

आईची स्मरणशक्ती कमी झालीय. जिन्कोच्या गोळ्या द्याव्यात का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून उत्तर सरळ देते. विसरभोळेपणा होऊ नये म्हणून या गोळ्यांचा उपयोग होतो, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

गोळीत असतो तो पानांचा अर्क. जर्मनीत १९६५ पासून तो औषध म्हणून तयार होऊ लागला. त्यातल्या जिन्कोलाइड द्रव्यांवर रसायनशास्त्रज्ञांनी मोठं काम केलं. १९९० चं नोबेल मिळवणाऱ्या कोरी यांनी १९८८ साली त्यांपैकी एक प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. तेव्हा झाडात दम नाही असं कुणी म्हणत नाही. पण अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३०६९ लोकांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली, निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. २००८ साली निकाल आला: स्मृतिभ्रंश होण्याच्या प्रमाणात घट नाही. फ्रान्समध्ये २८५४ ज्येष्ठांवर पाच वर्षं चाचणी झाली, २०१२ साली तोच निकाल. ज्यांना आधीच स्मृतिभ्रंश झाला आहे अशा काही रुग्णांत थोडा फायदा दिसल्याचे अहवाल आहेत, पण सगळ्यांचे सूर जुळत नाहीत.

आईला आधी डॉक्टरकडे न्या. थायरॉइड, ब-१२ ची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, यांतलं काहीही विसरण्यामागे असू शकतं आणि त्यांवर उपाय आहेत. गोळ्यांच्या पट्टीवर पैसे घालवताना ते महिने हातचे जातात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर?

डॉक्टरला न विचारता घेऊ नका. वॉरफॅरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांच्याबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. फिट येत असतील तरीही नको. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर घेत असल्याचं आधी सांगा. 'झाडपाल्याचं आहे, काय होतंय' म्हणून लोक हे डॉक्टरपासून लपवतात.

हे आयुर्वेदिक औषध आहे का?

नाही. आपल्या जुन्या संहितांत जिन्को नाही, कारण झाड इथे नव्हतंच. चिनी वैद्यकात खोकला-दम्यासाठी बिया वापरत.

पान वाळवून घरी चहा केला तर चालेल?

नको. औषधी अर्कातून त्रासदायक आम्लं काढून टाकलेली असतात, घरच्या काढ्यात ती तशीच उतरतात.

गोव्यात जिन्को लावता येईल का?

मी लावून पाहिला. उत्तरेकडच्या एका डोंगरी रोपवाटिकेतून दीड वीत उंचीचं रोप मागवलं होतं. माघात त्याला कोंब आले, इवले इवले पंखे उलगडले, घरातली सगळी माणसं बघायला आली. मिरगाच्या पावसापर्यंत ते छान होतं. जुलैत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी कुंडी पागोळीखालून उचलून पडवीत घेतली, वाळू मिसळली, तरी मुळं कुजायची ती कुजली. त्यातूनही ते तगलं. पण थंडीत पान पिवळं होऊन गळायला हवं, ते झालंच नाही; अर्धी पानं हिरवी लोंबत राहिली आणि झाडाला विश्रांती मिळाली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात दोनच पानं आली. तिसऱ्या वर्षी काहीच आलं नाही.

कारण साधं आहे. जिन्कोला हिवाळा लागतो, झोपून उठायला. आपल्याकडे जानेवारीतही रात्री वीस अंशांच्या आसपास असतात, आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाणी कोसळतं. बी रुजवायलाही काही आठवडे ओलसर थंडीत ठेवावी लागते. फ्रिजमध्ये ठेवून बी रुजेल, रोपही येईल, पण झाड होणार नाही. मला पुन्हा प्रयत्न करावासा वाटला नाही. रोपाला आणखी एकदा तसंच झुरताना बघवलं नसतं.

पोर्तुगीजांनी काजू आणला, मिरची आणली. जिन्को का नाही?

त्यांची जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जात, म्हणजे त्यांनी झाड पाहिलं असणारच. १६३९ साली जपानने त्यांना बंदी केली. पण आणलं असतं तरी वर सांगितलं तेच झालं असतं. काजू ब्राझीलच्या उष्ण किनाऱ्यावरचा, त्याला आपला जांभा मानवला.

मुलगा जपानहून बिया आणणार आहे. चालतील?

पेरण्यासाठीच्या बिया परदेशातून आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सामानात लपवून आणू नका. सुपारीला आणि माडाला आधीच कमी रोग नाहीत.

मग बघायचा कुठे?

दार्जिलिंगच्या लॉइड वनस्पती उद्यानात आहे, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या आवारातही आहे. नोव्हेंबरात जा, पिवळा रंग तेव्हा चढतो.

त्याचा एखादा नातेवाईक गोव्यात आहे का?

दूरचा आहे: सायकस. बंगल्यांच्या दारात जे छोट्या माडासारखं दिसतं ते. पश्चिम घाटातली मूळची एक जातही आहे आणि तीही धोक्यात आहे. सायकसचा शुक्राणूसुद्धा पोहतो; तो शोधही १८९६ चाच आणि जपानातलाच.

मुलांना पान दाखवायचं आहे. कुठे मिळेल?

माझ्याकडे एक आहे, मासिकाच्या पानांत दाबलेलं, एका विद्यार्थिनीने क्योतोहून आणून दिलेलं. ते दाखवायला मी शाळेत येईन. पण त्याआधी एक करा. पाऊस लागून पंधरा दिवस झाले की विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर हंसराज उगवतो. त्याचं एक पान तोडून उजेडासमोर धरायला सांगा. इंग्रजीत जिन्कोला या नेच्यावरूनच 'मेडनहेअर ट्री' असं नाव पडलं आहे, इतकी दोघांची पानं मिळतीजुळती. मधली शीर नाही. देठापासून निघालेली शीर दुभंगते, त्या दोन पुन्हा दुभंगतात, आणि कडेपर्यंत हेच चालतं. मुलांना बोटाने एक शीर धरून कडेपर्यंत जायला सांगा आणि वाटेत किती फाटे लागले ते मोजू द्या. मी आले की जिन्कोच्या पानावर तेच पुन्हा मोजू.